नव्याने देशात आलेल्या वाचकांशी काउंटरवर कसं बोलावं?

प्रश्न असा आहे: "मी एका सार्वजनिक ग्रंथालयात देवघेव विभागात काम करते. अलीकडे आमच्याकडे परदेशातून नुकतेच राहायला आलेले वाचक बरेच वाढले आहेत. आम्हाला एक प्रशिक्षण मिळालं. कुठल्या देशातले लोक नजरेला नजर देत नाहीत, कुठे हस्तांदोलन चालत नाही, अशी लांबलचक यादी त्यात होती. प्रत्यक्ष कामात ती उपयोगी पडत नाही. लोक सगळ्याला 'हो, हो' म्हणतात, मग पुस्तकं मुदतीत येत नाहीत, दंड लागतो आणि पुढे ते येणंच बंद करतात. कधी एखादा वाचक माझ्याशी बोलायलाच तयार नसतो, पुरुष सहकाऱ्याला बोलवा म्हणतो. नेमकी कोणती कौशल्यं शिकायला हवीत?"

ती यादी बाजूला ठेवा. तिच्यातलं सगळंच चुकीचं असतं असं नाही, पण ती डोक्यात असली की समोरच्या माणसाआधी त्याचा पासपोर्ट दिसायला लागतो. एकाच देशातून आलेले निवृत्त प्राध्यापक, शेतात राबलेली बाई आणि शाळकरी मुलगा यांच्या बोलण्याच्या रीतीत कित्येकदा दोन देशांमध्ये नसेल इतकं अंतर असतं. नवागत वाचकांबरोबर अनेक वर्षं काम केल्यावर माझं ठाम मत झालं आहे: काउंटरवर ज्याला आपण 'सांस्कृतिक फरक' म्हणतो, त्यातला बराचसा भाग आपल्याच ग्रंथालयाच्या न बोललेल्या रीतींमुळे तयार होतो. इथे वाढलेल्यांना त्या लहानपणापासून ठाऊक असतात, म्हणून त्या कुणी सांगत नाही. नव्याने आलेल्याला त्या दिसत नाहीत आणि त्या मोडल्यावर मात्र आपल्या चेहऱ्यावरची नाराजी त्याला लगेच दिसते.

उदाहरणार्थ, कपाटातलं पुस्तक स्वतः काढायचं की मागून घ्यायचं? जगात अनेक ठिकाणी अजून बंदिस्त पद्धत आहे. चिठ्ठीवर क्रमांक लिहून द्यायचा आणि कर्मचारी पुस्तक आणून देईपर्यंत थांबायचं. त्या सवयीचा माणूस तुमच्या मुक्तद्वार ग्रंथालयात येऊन काउंटरसमोर शांतपणे उभा राहतो. तुम्हाला तो बुजरा वाटतो, त्याला वाटतं आपल्याकडे कुणी लक्ष देत नाही. वाचून झालेलं पुस्तक जागेवर ठेवायचं की टेबलावर सोडायचं? संगणकाला पैसे पडतात का? काही न घेता नुसतं बसलं तर चालतं का? मुलाने पान फाडलं तर काय होतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कर्मचाऱ्याला प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्या कामात व्यत्यय आणणं, की तेच त्याचं काम?

हा शेवटचा प्रश्न फक्त परक्यांना पडतो असं समजू नका. कॉन्स्टन्स मेलन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ग्रंथालयाशी आलेल्या पहिल्या संबंधाबद्दल लिहिताना तिथल्या ७५ ते ८५ टक्के विद्यार्थ्यांनी भीती किंवा अस्वस्थतेचं वर्णन केलं. बाकीच्यांना सगळं येतं, आपल्यालाच येत नाही, आणि विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल, अशी त्यांची भावना होती. तिथल्याच शिक्षणव्यवस्थेतून पुढे आलेल्या मुलांची ही गत असेल, तर कामचलाऊ भाषा घेऊन आत पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या मनावर काय ताण असेल याचा विचार करा. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ त्याच्या देशात शोधण्याआधी या भीतीत शोधा.

म्हणून पहिलं कौशल्य म्हणजे आपल्या रीती, कुणी न विचारता, साध्या शब्दांत आणि कारणासकट सांगणं. सभासद करून घेतानाची पाच मिनिटं यासाठी सोन्यासारखी असतात. अर्ज भरून घेऊन कार्ड हातात दिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं, की ती वाया गेली. त्याऐवजी उठा आणि दोन कपाटांपर्यंत बरोबर चाला. "ही पुस्तकं तुम्ही स्वतः काढून बघू शकता. बघून झालं की या टेबलावर ठेवा, जागेवर आम्ही लावतो, कारण चुकीच्या जागी गेलं तर ते सापडत नाही. काही अडलं तर आम्हाला विचारा, त्यासाठीच आम्ही इथे आहोत." एवढं सांगितल्यावर पुढच्या अनेक 'सांस्कृतिक अडचणी' उद्भवतच नाहीत. सहकाऱ्यांनी मिळून एकदा दारापासून काउंटरपर्यंत चालत यावं आणि जिथे जिथे आधीच काहीतरी ठाऊक असावं लागतं ती प्रत्येक जागा लिहून काढावी. ती यादी तुमच्या प्रशिक्षणातल्या यादीपेक्षा कितीतरी उपयोगाची ठरेल.

आता 'हो, हो' बद्दल. "समजलं का?" हा प्रश्न आजपासून सोडून द्या. त्याला 'नाही' म्हणणं कुठल्याही भाषेत अवघडच असतं. अनेकांच्या बोलण्यात 'हो' म्हणजे 'मी ऐकतो आहे' किंवा 'तुम्ही एवढे कष्ट घेताय, तुम्हाला आणखी त्रास नको'. दवाखान्यांमध्ये यावर एक चांगली पद्धत रूढ झाली आहे: सांगितलेली गोष्ट रुग्णाला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावायची, पण परीक्षा घेतल्यासारखी नाही. ओझं स्वतःकडे घ्यायचं. "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचं आहे. ही पुस्तकं परत कधी आणायची, सांगाल?" त्याहून चांगलं म्हणजे गोष्ट करूनच बघायची. कॅलेंडर पुढे करा आणि त्यांनाच त्या दिवसावर बोट ठेवू द्या. मुदत वाढवायची असेल तर संगणकावर तुम्ही करून दाखवू नका. माऊस त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही शेजारी उभ्या राहा.

तारखेबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे खूप दंड होतात आणि कुणाचाच दोष नसतो. पावतीवर ०३/०४ छापलं असेल तर काहीजण ते तीन एप्रिल वाचतात, काहीजण चार मार्च. इथिओपियाच्या कॅलेंडरमध्ये १३ महिने असतात आणि त्यांची वर्षगणना आपल्या नेहमीच्या इसवी सनापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे असते. इराणमध्ये नवं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. महिना अक्षरांत छापणं आणि पुढे वार लिहिणं, एवढ्या बदलाने हा गोंधळ मिटतो. प्रणालीतून हा बदल करून घ्यायला वरिष्ठांच्या मागे लागा. तो होईपर्यंत पेनने लिहा.

बोलताना वेग कमी करा, आवाज नको. समोरचा बहिरा नसतो, आणि मोठ्याने बोललं की रागावल्यासारखं वाटतं. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. एका वस्तूला एकच शब्द ठेवा. आधी 'परतीची तारीख', मग 'मुदत', मग 'शेवटचा दिवस' म्हणालात तर ऐकणारा तीन वेगळ्या गोष्टी शोधत बसतो. मात्र मोडकंतोडकं बोलू नका. "तुम्ही पुस्तक घेणार, नंतर आणणार, ठीक?" असं बोलणं समजायला सोपं नसतं आणि त्यात अपमान होतो. भाषा शिकणाऱ्याला पूर्ण, व्याकरणशुद्ध, छोटी वाक्यं लागतात.

आणि थांबायला शिका. शाळेच्या वर्गात शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंदांपर्यंत थांबले तर मुलांची उत्तरं मोठी आणि विचारपूर्वक येतात, हे मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं. दुसऱ्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्याला तर तीन सेकंदही कमी पडतात. मागे रांग असताना ही शांतता फार लांब वाटते आणि आपण घाईने तोच प्रश्न नव्या शब्दांत विचारतो. त्या बिचाऱ्याला अर्धं जुळवलेलं उत्तर टाकून द्यावं लागतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पुन्हा विचारायचंच असेल तर त्याच शब्दांत विचारा.

संदर्भ सेवेत, म्हणजे वाचकाला हवी ती माहिती शोधून देण्याच्या कामात, आपल्याला शिकवलं जातं की मोकळे प्रश्न विचारा: "तुम्हाला कशा प्रकारची माहिती हवी आहे?" नवशिक्या भाषेच्या वाचकासमोर हा प्रश्न अडचणीचा ठरतो, कारण त्याला एकदम लांब उत्तर रचावं लागतं. नुसता हो-नाहीचा प्रश्न विचारला तर पुन्हा 'हो' येणार. मला उपयोगी पडलेला मार्ग मधला आहे. दोन-तीन वस्तू समोर ठेवायच्या आणि वाट मोकळी ठेवायची: "असं पुस्तक? की असा अर्ज? की वेगळंच काही?" भाषा शिकायचं पुस्तक मागणाऱ्या माणसाला कधी वाहनपरवान्याच्या परीक्षेची तयारी करायची असते, कधी मुलाच्या शाळेतून आलेलं पत्र वाचायचं असतं. ते पत्र घडी करून खिशातच असतं, पण दाखवावं की नाही हे त्याला कळत नाही.

याच वेळी आपण सहज विचारतो, "कशासाठी हवंय?" ज्यांनी आश्रयासाठी सरकारी मुलाखती दिल्या आहेत, तपासणी नाक्यांवर उत्तरं दिली आहेत, त्यांना हा प्रश्न चौकशीसारखा ऐकू येतो. म्हणून कारण आधी सांगा: "थोडं सांगितलंत तर मला नेमकं शोधता येईल. नाही सांगितलंत तरी मी शोधते." फॉर्मवरच्या प्रत्येक रकान्याचंही तसंच. पत्ता का हवा, जन्मतारीख का हवी, ती कोण बघणार, हे आपणहून सांगा. पण वचन खरं असेल तेवढंच द्या. "ही माहिती कुणालाही मिळणार नाही" असं ठोकून देऊ नका. अमेरिकेत २००१ च्या पॅट्रियट कायद्याने तपासयंत्रणांना वाचकांच्या नोंदी मागण्याचा मार्ग खुला झाला होता, तेव्हा अनेक ग्रंथालयांनी यावर विचार केला आणि जी नोंद लागत नाही ती ठेवूच नये हा मार्ग धरला. तुमच्याकडे पुस्तक परत आल्यावर वाचकाचं नाव त्यापासून तुटतं का, संगणकाचा इतिहास पुसला जातो का, हे आधी विचारून घ्या आणि मगच वाचकाला सांगा.

नावांबद्दल थोडंसं. आपला अर्ज 'नाव' आणि 'आडनाव' असे दोन रकाने देतो आणि जग त्यात बसत नाही. म्यानमारमध्ये बहुतेकांना आडनाव नसतं. इंडोनेशियात एकच शब्दाचं नाव असणारे पुष्कळ आहेत. हंगेरी, चीन, कोरियात घराण्याचं नाव आधी येतं. स्पेनमध्ये दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. ओळखपत्रावर जसं आहे तसं उतरवून घ्या, संगणकात कुठल्या रकान्यात काय घातलं ते त्यांना दाखवा, कारण उद्या त्यांना त्याच क्रमाने सांगावं लागेल. मग विचारा: "तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?" उच्चार आपल्या लिपीत लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तो नीट करा. सोयीसाठी कुणाचं नाव छोटं करू नका. घरातल्या तिघांची जन्मतारीख एक जानेवारी दिसली तर त्यावर काही बोलू नका. जन्माची नोंद नसलेल्या अनेक निर्वासितांच्या कागदांवर ती तारीख अधिकाऱ्यांनीच टाकलेली असते.

भाषाही तोंडावरून किंवा देशावरून ओळखायला जाऊ नका. इराकमधून आलेल्या कुटुंबाची घरची भाषा कुर्दी असू शकते, आणि कुर्दीतही कुर्मांजी बोलणारे बरेचजण रोमन लिपी वापरतात, सोरानी लिहिणारे अरबी वळणाची. पंजाबी गुरुमुखीत वाचणाऱ्याला शाहमुखीतलं, म्हणजे अरबी वळणाच्या लिपीतलं, पुस्तक दिलं तर उपयोग नाही. भाषांची आणि लिप्यांची नावं त्या त्या लिपीत छापलेला एक कागद काउंटरवर ठेवा, लोक स्वतः बोट ठेवतात. आणखी एक गोष्ट आपल्यातल्याही अनेकांना माहीत नसते: तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, बऱ्याच भाषांची पुस्तकं फक्त रोमन अक्षरांत नोंदवलेली असतात. वाचक स्वतःच्या लिपीत लेखकाचं नाव टाकतो, काही सापडत नाही, आणि इथे आपलं काहीच नाही असं समजून जातो. पुस्तक असतं दहा पावलांवर. तिथे तुम्ही बरोबर जायलाच हवं. संग्रह लहान असेल तर आंतरग्रंथालयीन देवघेव वापरा. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या ग्रंथालयातला बहुभाषिक संग्रह देशभरच्या ग्रंथालयांना पुस्तकं पाठवत आला आहे. लहान गावातल्या वाचकालाही त्याच्या भाषेतलं पुस्तक मिळू शकतं. आणि आईवडिलांना, "घरी मुलांशी इथल्याच भाषेत बोला" असा सल्ला कृपा करून देऊ नका. घरची भाषा पक्की असणं मुलाच्या वाचनाला आधारच देतं, आणि तो सल्ला ऐकून आई मुलाशी तिला नीट न येणाऱ्या भाषेत बोलायला लागते.

दुभाषी म्हणून मुलांना वापरणं टाळा. 'पुस्तक हरवलं' हे मुलाने आईच्या वतीने सांगणं एकवेळ चालेल, पण पैसे, आजार, राहण्याचा परवाना अशा विषयांत मुलाला मध्ये घालणं त्या घरातल्या नात्यांवर ओझं टाकतं. त्याच समाजातल्या ओळखीच्या माणसाला बोलावतानाही आधी वाचकाला विचारा. समाज छोटा असतो, गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचते. फोनवरून मिळणारा दुभाषी उत्तम. ऑस्ट्रेलियात सरकारी टेलिफोन दुभाषी सेवा १९७३ पासून चालू आहे. तुमच्याकडे अशी काही सोय असेल तर तिचा क्रमांक काउंटरवर चिकटवा. बोलताना नजर आणि शब्द वाचकाकडे ठेवा. "त्यांना विचारा की..." असं नको, थेट "तुम्हाला काय हवं आहे?" असं बोला. फोनमधल्या अॅपने केलेलं भाषांतर साध्या गोष्टींना चालतं. त्यात छोटी वाक्यं टाका आणि आलेलं भाषांतर उलट आपल्या भाषेत करून तपासा. दंड, करार, कायदेशीर कागद यांसाठी त्यावर विसंबू नका, आणि वाचकाची खासगी माहिती त्यात टाइप करू नका.

तुमच्यात एखादी सहकारी वाचकांची भाषा बोलणारी असेल तर सगळं काम तिच्याकडे ढकलण्याचा मोह होतो. तिचं जेवण अर्धवट राहतं, तिची स्वतःची कामं मागे पडतात आणि बाकीचे काही शिकत नाहीत. तिच्या या कामाची वेळ ठरवा, ते तिच्या जबाबदाऱ्यांत लिहून घ्या आणि त्याची दखल घेतली जाईल असं बघा. बाकीच्यांनी त्या भाषेतला नमस्कार, आकडे आणि 'थांबा, मी मदत बोलावते' एवढं तरी शिकावं.

हातवारे, स्पर्श वगैरेंसाठी देशनिहाय यादी पाठ करायची गरज नाही. कुणालाही न दुखवणाऱ्या चार सवयी पुरतात. हस्तांदोलनाला समोरच्याने हात पुढे केला तरच द्या. बोटाने खुणावण्याऐवजी उघड्या तळव्याने दिशा दाखवा. मुलांच्या डोक्यावर, गालावर हात ठेवू नका. नजर टाळली तर ती आदराची असू शकते किंवा थकव्याची, त्यावरून काही ठरवू नका.

काही गोष्टी मात्र कितीही गोड बोललं तरी सुटत नाहीत, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण व्यवस्थेचं अपयश अनेकदा कर्मचाऱ्याच्या 'संवादकौशल्यावर' ढकललं जातं. पत्त्याचा पुरावा म्हणून स्वतःच्या नावाचं वीजबिल हवं असा नियम असेल तर नातेवाइकाच्या घरी किंवा निवारागृहात राहणारा माणूस सभासद होणार कसा? निवारागृहाचं पत्र चालेल, त्या पत्त्यावर टपालाने पाठवलेलं कार्ड परत दाखवलं तर चालेल, किंवा कागदपत्रं येईपर्यंत दोन पुस्तकांचं मर्यादित कार्ड मिळेल, असे पर्याय इतरत्र वापरले जातात. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये विलंब शुल्कच बंद केलं. तुमच्या हातात निर्णय नसेल, पण किती जण कुठल्या नियमापाशी परत गेले याची महिनाभर नावाशिवाय नोंद ठेवून ती वरिष्ठांपुढे ठेवणं तुमच्या हातात आहे. दंडामुळे न येणाऱ्या वाचकांचा तुमचा प्रश्न मुळात तिथे सुटतो.

राहिला पुरुष सहकारी मागणाऱ्या वाचकाचा प्रश्न. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. एखाद्या बाईला संगणकावर शेजारी बसून शिकवायला बाईच हवी असेल, किंवा एखाद्या पुरुषाला खासगी आजारावरचं पुस्तक पुरुषाकडे मागायचं असेल, तर ती संकोचाची बाब आहे. कुणी मोकळं असेल तर द्या, नसेल तर थांबावं लागेल असं सांगा. पण तुम्ही दिलेलं उत्तर केवळ तुम्ही बाई आहात म्हणून कुणी नाकारत असेल, तर तिथे जुळवून घेणं तुमचं काम नाही. आवाज न चढवता सांगा: "इथे सगळे कर्मचारी हेच काम करतात. आत्ता मी मदत करते आहे." खरी जबाबदारी तुमच्या पुरुष सहकाऱ्यांची आहे, आणि ती आधीच ठरवून घ्या. वाचक त्यांच्याकडे गेला तर त्यांनी उत्तर स्वतः देऊ नये. त्याला घेऊन तुमच्याकडे यावं आणि त्याच्यासमोर म्हणावं, "ह्या विभागाचं यांना माहीत आहे, याच सांगतील." बहुतेक माणसं तेवढ्यावर बोलायला लागतात. जो नाहीच लागत, त्याला नियम दाखवा आणि तुमच्या वरिष्ठांना त्याच दिवशी लेखी कळवा.